'बॉल पाह ना बे!' पण नेमकं कुठं पाहायचं?

आमच्या गल्लीत मे महिन्यात संध्याकाळी साडेसहाच्या आधी रस्ता चटका देतो, त्यामुळे पोट्टे टेनिस बॉल घेऊन त्यानंतरच उतरतात, आणि कोणी बोल्ड झालं की कंपाउंडच्या भिंतीवर बसलेला एखादा काका ओरडतोच, "अबे बॉल पाह ना, बॉल!" पोट्टं म्हणते, "पाहूनच तं राहिलो होतो काका." आणि ते खोटं बोलत नसतं. ओरडणाऱ्यांत कितीतरी वर्षं मी पण होतो. नंतर याच्यावर थोडं वाचलं, स्वतःवर आणि गल्लीतल्या पोट्ट्यांवर करून पाहिलं, तेव्हा समजलं की गोची सल्ल्यातच आहे. कुठं पाहायचं, कधी पाहायचं, किती वेळ पाहायचं, यातलं त्यात काहीच नाही.

आधी डोळ्याचं बघू. हात सरळ पुढे करा आणि अंगठा उभा धरा. त्या नखाएवढ्या जागेतच आपल्याला एकदम क्लिअर दिसतं, बाकीचं धूसर असतं, मेंदू सांभाळून घेतो म्हणून जाणवत नाही. पटत नसेल तर पेपर घ्या, एका ओळीच्या मधातल्या शब्दावर नजर रोवा आणि ती न हलवता चार-पाच शब्द सोडून पुढचा शब्द वाचून दाखवा. नाही जमत. म्हणून डोळा सारखा उड्या मारतो, सेकंदाला साधारण तीन, आणि उडी चालू असताना आपल्याला जवळपास काहीच दिसत नाही. आरशासमोर उभं राहून आधी आपल्या डाव्या डोळ्यात पाहा, मग उजव्या, परत डाव्या. स्वतःचा डोळा हलताना कधीच दिसणार नाही, शेजारी उभ्या असलेल्याला मात्र मस्त दिसतो. म्हणजे ऐन वेळेला नजर इकडून तिकडे केली की तेवढ्यापुरते आपण आंधळेच.

आता सगळ्यात सोपा प्रकार घ्या, जिथं टारगेट हलत नाही. बास्केटबॉलचा फ्री थ्रो (लाइनवर उभं राहून, कोणी न अडवता रिंगमध्ये मारायचा थ्रो), तिरंदाजी, डार्ट, कॅरम, आणि हो, कंचे पण. कॉलेजात असताना एका मॅचला शेवटच्या मिनिटात मी दोन्ही फ्री थ्रो घालवले होते. आधी रिंग पाहिली, मग बेंच, मग स्कोअरबोर्ड, आणि हात वर गेल्यावर परत रिंग शोधून राहिलो. त्याच्यानंतर महिनाभर मला कोपर सरळ ठेव, कोपर सरळ ठेव करून पिडलं. कोपर बिचारं बरोबर होतं.

कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी १९९६ मध्ये फ्री थ्रो मारणाऱ्यांच्या नजरेचा अभ्यास छापला, नजर कुठं जाते ते टिपणारं यंत्र डोक्यावर चढवून. पक्के खेळाडू हात उचलायच्या आधी रिंगवर एकाच जागी नजर ठेवत होते आणि ती तिथंच थांबत होती, कच्च्यांची त्यामानाने लवकर सुटत होती. या शेवटच्या थांबलेल्या नजरेला त्यांनी 'क्वाएट आय' नाव दिलं, मी शांत नजर म्हणतो. गंमत म्हणजे एकदा बॉल वर गेला आणि डोळ्यासमोर आला की मग रिंग दिसली नाही तरी फार बिघडत नाही, माहिती आधीच घेऊन झालेली असते.

तर करायचं असं. लाइनवर या, बॉल दोन-तीनदा आपटा, तेव्हा खुशाल खाली पाहा. मग बॉल हातात धरला की नजर वर आणि पूर्ण रिंग पाहायची नाही, एक बिंदू निवडायचा, मी रिंगच्या पुढच्या कडेला नेटचे मधले दोन हूक आहेत त्यांच्यामधली जागा घेतो, कोणाला मागची कड जमते, जी घ्याल ती दर वेळेला तीच. तिथं नजर ठेवून मनात "एक, दोन" म्हणा आणि मग हात उचला. नियमात पाच सेकंद मिळतात, घाई कोणाची आहे? आणि रिंग आतून ४५ सेंटीमीटर, बॉल साधारण २४, म्हणजे जागा वाटते त्यापेक्षा बरीच आहे. रोज वीस थ्रो, पण नजर सुटली तर तो थ्रो गेला तरी मोजायचा नाही, हा नियम मी पोट्ट्यांना लावला आणि पहिल्या आठवड्यात मला भरपूर शिव्या बसल्या.

आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेनं २०२३ ला बर्लिनच्या तिरंदाजीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये १५० पैकी १५० मारले. पन्नास मीटरवरून पंधरा बाण, आणि दहाचं वर्तुळ ८ सेंटीमीटरचं. नुसतं तेवढं अंतर मैदानात पावलं टाकून मोजून पाहा, मग समजेल.

अर्जुनाची पोपटाच्या डोळ्याची गोष्ट आता कोणीतरी सांगणारच, म्हणून मीच सांगतो. तो पोपट बसलेला होता भाऊ, तोही लाकडाचा. हलत्या गोष्टीला हे गणित चालत नाही.

क्रिकेटचंच पाहा ना. १२५ किलोमीटरच्या स्पीडनं टाकलेला बॉल हातातून सुटून बॅटपर्यंत यायला अर्धा सेकंद घेतो, आणि डोळ्यानं पाहून हात वळवायला त्यातले साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा पाचवा हिस्सा, आपल्या शरीरालाच लागतात. डोळा इतक्या जवळून जाणाऱ्या बॉलचा शेवटपर्यंत पाठलाग करू शकत नाही. २००० साली मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिओड यांनी वेगवेगळ्या लेव्हलच्या तीन बॅट्समनची नजर मोजली, तर दिसलं असं की बॅट्समन हातातून बॉल सुटताना पाहतो, मग बॉल सोडून देतो आणि टप्पा जिथं पडणार तिथं नजर आधीच नेऊन ठेवतो, टप्पा पडला की परत थोडा वेळ बॉलच्या मागं जातो. आणि तिघांत जो चांगला होता त्याची ही उडी लवकर होती. म्हणजे शेवटपर्यंत बॉल पाहा म्हणणारा काका इथं चुकतो, पण सुरुवातीचा बॉल पाहाच म्हणत असेल तर शंभर टक्के बरोबर आहे, कारण उडी कुठं मारायची हे पहिल्या तुकड्यावरूनच ठरतं.

म्हणून बोलर रनअपला असताना त्याच्यावर डोळे फाडून बसू नका, थकाल. सैल नजरेनं त्याच्या छातीकडे पाहत राहा, आणि तो उडी घेईल तेव्हा नजर त्याच्या हाताच्या वर, जिथून बॉल सुटणार त्या हवेतल्या चौकोनात नेऊन ठेवा. डोकं स्थिर, हनुवटी पुढच्या पायाच्या अंगठ्यावर, आणि बॉल ज्या दिशेनं वळेल तिकडे फक्त डोळे नाही तर डोकं पण वळू द्या, चांगले बॅट्समन हे करतात. प्रॅक्टिसला टेनिस बॉलवर चार रंगाच्या टेप चिकटवा आणि सुटताना कोणता रंग समोर होता ते ओरडून सांगायचं. मग दुसऱ्या फेरीत बॅटच नाही, नुसतं उभं राहून टप्पा पडायच्या आधी "पुढं" किंवा "मागं" ओरडायचं. हे पोट्ट्यांना बोअर होतं, म्हणून दहा बॉलच्या वर घेऊ नका.

उंच कॅचबद्दल एकच सांगतो. बॉल उडाला की तो कुठं पडेल याचा हिशोब करायचा नसतो, आणि करता येत पण नाही. तुमच्या नजरेत तो वर चढून राहिला आहे ना, चढायचा वेग वाढत चालला असेल तर बॉल डोक्यावरून जाणार, मागं पळा. चढणं मंदावून तो खाली यायला लागला तर पुढं पळा. तो एकसारखा चढत राहील अशा बेतानं पळत राहिलात की तिथंच हात पुढं करायचे. मात्र सूर्य मावळतीला असेल तर आपला एक हात डोळ्यांच्या वर सावलीला ठेवा, नाहीतर सगळं ज्ञान वाया.

बॅडमिंटनवाल्यांसाठी गोष्ट अजून वेगळी, कारण शटल पाहून उपयोग नाही, उशीर झालेला असतो. १९८७ मध्ये ॲबरनेथी आणि रसेल यांनी खेळाडूंना व्हिडिओ मध्येच कापून दाखवले, आणि निघालं असं की नवशिके फक्त रॅकेट वाचतात, मुरलेले रॅकेटसोबत तिला धरलेला हात पण. ही प्रॅक्टिस फुकट होते. मित्राचे स्मॅश आणि ड्रॉप मोबाइलवर शूट करा, रॅकेट शटलला लागायच्या जरा आधी पॉज करा, आणि अंदाज सांगा. डावखुऱ्याचे पण वेगळे शूट करा, आपली मालविका बनसोड डावखुरी आहे, आणि डावखुरे आपल्याला कमी भेटतात म्हणून त्यांचा हात वाचायची सवयच नसते.

आता टेन्शनमध्ये काय होतं? नजर नको तिथं चिकटते. एक्सेटर विद्यापीठातल्या लोकांनी २००९ मध्ये पेनल्टी मारणाऱ्यांना मुद्दाम टेन्शन दिलं, तर ते गोलकीपरला लवकर आणि जास्त वेळ पाहायला लागले, आणि बॉल त्याच्याच जवळ गेले. गोलकीपर विसर असं सांगून तो विसरला जात नाही, त्याच्या जागी दुसरं काहीतरी पाहायला द्यावं लागतं, म्हणजे कोपऱ्यातला नेटचा एक चौकोन आधीच ठरवून ठेवायचा. तसंच शरीराचं. गॅब्रिएले वुल्फ यांनी १९९८ पासून दाखवलंय की आपल्या हातापायाकडे लक्ष दिल्यापेक्षा बाहेर काय घडवायचं आहे तिकडे लक्ष दिलं की हालचाल जास्त सफाईदार होते. म्हणून मनात कोपर घोळवायचं सोडा, बॉलनं कोणत्या कमानीतून जायचं ते घोळवा. माझ्या त्या महिनाभराच्या कोपराचा हिशोब इथं लागतो.

डोळ्यांचे व्यायाम करून घेणारी ॲप्स आहेत, पैसे घेतात, मला तरी ती स्क्रीनवरची कसरत मैदानात उतरलेली दिसली नाही. त्यापेक्षा नंबर तपासून घ्या. आमच्यातला एक पोट्टा दोन वर्षं कॅच सोडून राहिला होता, त्याला चष्मा लागला आणि प्रश्न मिटला.

आपली नजर खरंच थांबते का हे स्वतःला कळत नाही, म्हणून मोबाइल रिंगच्या पोलखाली उभा करून आपल्याच तोंडाचा स्लो मोशन व्हिडिओ काढा आणि हात उचलायच्या आधी डोळे किती वेळ एका जागी राहिले ते मोजा. माझ्या भाच्यानं काढला. दर थ्रोच्या आधी साहेब मोबाइलकडेच पाहून राहिले होते, रेकॉर्डिंग चालू आहे ना म्हणून. आता तो मोबाइल पोलच्या मागं बॅगेत अर्धा लपवून ठेवतो.