निळ्या रंगाआधी वीट : बुखारा-समरकंदला अभ्यासासाठी जाताना

आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाच्या सुट्टीत मी बारा दिवस उझबेकिस्तानात होते. परत आल्यापासून ज्युनियर्स विचारतात, तिथे काय काय बघायचं? मी त्यांना आधी क्रम सांगते. बुखारा आधी, समरकंद नंतर.

मी उलटं केलं होतं. ताश्कंदहून अफ्रोसियोब या वेगवान ट्रेनने थेट समरकंदला उतरले आणि पहिल्याच संध्याकाळी रेगिस्तान चौकात गेले. तीन बाजूंना तीन मदरसे : उलुगबेग (1417–1420), शेर-दोर (1619–1636) आणि तिल्ला-कारी (1646–1660). दोन दिवस भरपूर फोटो काढले, पण वहीत एकही धड रेखाटन उतरलं नाही. डोळे रंगातच अडकत होते, मागची भिंत कशी उभी आहे ते कळतच नव्हतं.

ते कळलं बुखाऱ्यात, सामानी मकबऱ्यापाशी. दहाव्या शतकातली ही छोटीशी वास्तू, जवळपास घनाकृती, वर घुमट. रंग कुठेच नाही, नुसती भाजलेली वीट. ती कुठे आडवी, कुठे उभी, कुठे तिरकी बसवलेली. एखादी जरा पुढे, एखादी आत. ऊन सरकलं की सावल्या सरकतात आणि टोपलीच्या विणीसारखी नक्षी दर तासाला वेगळी दिसते. आत जाऊन कोपऱ्यांकडे बघा. चौकोनी खोलीवर गोल घुमट ठेवायचा तर मधल्या कोपऱ्यांचं काय करायचं? इथे प्रत्येक कोपऱ्यात एक कमान टाकलीय, तिला स्क्विंच म्हणतात. त्यामुळे चौकोनाचा अष्टकोन होतो, त्यावर सोळा बाजू येतात आणि मग घुमट अलगद बसतो. वर्गात ही आकृती मी अनेकदा काढली होती, पण समजली ती तिथल्या जमिनीवर दोन तास मान वर करून बसल्यावर.

तिथून चालत कल्याण मिनाराकडे जा. 1127 सालचा, सुमारे 46 मीटर उंच. विटांच्या नक्षीचे पट्टे एकावर एक चढत जातात आणि अगदी वरच्या बाजूला झिलईदार निळ्या फरशांची एकच पट्टी येते. मी तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. हाच निळा पुढे समरकंदच्या शाह-ए-झिंदा दफनभूमीत आख्ख्या भिंती व्यापतो. क्रम बरोबर ठेवलात तर हा प्रवास तुमच्या डोळ्यांसमोर घडतो.

समरकंदमधलं गूर-ए-अमीर, म्हणजे तैमूरची कबर, बघताना दुहेरी घुमट समजून घ्या : आतला बुटका, बाहेरचा उंच. हीच रचना दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यात दिसते, आणि त्याचा वास्तुकार मिराक मिर्झा गियास बुखाऱ्यातही काम करून आलेला होता. आणखी एक : समरकंदमधलं बरंच काम विसाव्या शतकात दुरुस्त केलेलं आहे. बीबी खानुम मशिदीचा मोठा भाग नव्याने उभारलाय. मूळ कोणतं, नवं कोणतं, हे प्रत्येक ठिकाणी विचाराच.

आता व्यवहाराचं. ई-व्हिसा मिळतो. ट्रेनची तिकिटं पटापट संपतात, तारखा ठरल्या की लगेच काढा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा, उन्हाळ्यात भाजून निघाल. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे ठेवा, मुलींनी ओढणी. रेगिस्तानात उलुगबेग मदरसा पूर्वाभिमुख आहे, त्याचं चित्र सकाळी काढा, शेर-दोरचं दुपारनंतर. शाकाहारी असाल तर ‘गोश्तसिझ’ हा शब्द पाठ करा, म्हणजे मांसाशिवाय. भोपळ्याचा सोमसा (समोशासारखा), नान आणि फळं यांवर माझं उत्तम चाललं.

भाषेची भीती वाटत असेल तर ऐका : दरवाजा म्हणजे ‘दरवोझा’, बाजार ‘बोझोर’, आणि मेवा मेवाच. आभार मानायला ‘रहमत’. बुखाऱ्यात एका आजींनी मला चित्र काढताना बघून घरी चहाला नेलं. चहा त्यांनी पियाल्यात ओतून तीनदा किटलीत परत टाकला, मग मला दिला तो अर्धाच पियाला. पाहुण्याला भरून दिला तर ‘आता निघा’ असं होतं, अर्धा दिला की परत परत ओतता येतो. मी नान ताटात उलटी ठेवली, तर त्यांनी काही न बोलता ती सुलटी केली. भाकरीचा मान आपल्याकडेही असाच राखतात, त्यामुळे लगेच समजलं.

शेवटच्या दिवशी पुन्हा समरकंद, शाह-ए-झिंदा. शादी मुल्क आगाच्या 1372 च्या मकबऱ्याजवळ एका भिंतीवर फरशीचा कोपरा उडालेला होता. वर गडद निळी झिलई, काचेसारखी, आणि तिच्याखाली मातकट, खरखरीत भाजलेली माती. वहीच्या शेवटच्या पानावर त्याच कोपऱ्याचं चित्र आहे.