ओट्स गोडच कशाला?

न्याहारीला ओट्स म्हटलं की हात आपोआप साखरेकडे जातो. एकदा ते खमंग करून बघा. चमचाभर तेलात किसलेलं गाजर आणि बारीक चिरलेला पालक दोन मिनिटं परता. अर्धी वाटी ओट्स, दीड वाटी पाणी घाला. दाटसर होत आलं की फेटलेलं अंडं बारीक धारेनं सोडा आणि हलवत राहा. अंडं पूर्ण शिजू द्या, लहान मुलांच्या बाबतीत इथे घाई नकोच. अंडं चालत नसेल तर शिजवलेली मसूर डाळ घोटून घाला. गाजर मात्र किसूनच घ्या. कडक तुकडे घशात अडकू शकतात.

मीठ अगदी शेवटी, चिमूटभर. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर त्याचा वाटा त्याआधीच बाजूला काढा.

पहिल्या दिवशी दोनच चमचे वाढा, शेजारी ओळखीचं काहीतरी असू द्या. खाल्लं नाही तर अजिबात आग्रह करू नका. नवी चव पटायला कित्येकदा आठ-दहा वेळा ती समोर यावी लागते, आणि आपण दुसऱ्याच दिवशी हार मानतो! थंड होऊन घट्ट झालं तर थोडं गरम पाणी घालून सैल करा.