सोलापूरहून चौमहल्ला बघायला जाताना

हैदराबादच्या निजामांचा चौमहल्ला राजवाडा बघायचा बेत असेल तर आधी वार बघा. शुक्रवारी तो बंद असतो. सालारजंग संग्रहालयही शुक्रवारीच बंद, त्यामुळे जोडून सुट्टी काढून शुक्रवारी पोचणाऱ्यांचा तो दिवस वाया जातो. आणि जमलं तर रस्त्याने जा, तेही दिवसा. रात्रीच्या गाडीने झोपून गेलात तर या राजवाड्याची गोष्ट जिथे सुरू होते ती जागाच मागे पडते.

मी सोलापुरात इतिहास शिकवते. माझं माहेर नळदुर्गच्या पलीकडचं. आमच्या आजीच्या तोंडी तो सगळा मुलूख म्हणजे मोगलाई, निजामाचं राज्य, आणि सोलापूर इंग्रजांचं. सोलापूरची लेक तिकडे दिली की ‘मोगलाईत दिली’ म्हणायचे. म्हणून मुलांना घेऊन निघाले की पहिला थांबा नळदुर्गला असतो. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्याची मुख्य फौज आपल्या सोलापूरकडूनच निजामाच्या हद्दीत शिरली आणि नळदुर्ग पहिल्याच दिवशी हाती आला. मेजर जनरल चौधरी त्या फौजेचे प्रमुख होते. पुढे हाच हैदराबादचा रस्ता धरून ते गेले, आणि 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. हे सगळं नळदुर्गलाच, बोरी नदीच्या काठी उभं राहून सांगून टाका. राजवाड्यात झुंबरं दिसली की कुणाचंच लक्ष राहत नाही. किल्ल्यातला पाणीमहाल मोह घालतो, पण तो वेगळ्या सहलीसाठी ठेवा. पुढे अजून अडीचशे किलोमीटर जायचं असतं.

हैदराबादला मुक्काम करा आणि सकाळी दहाला, राजवाडा उघडतो तेव्हाच, दारात हजर राहा. चारमिनारपासून लाड बाजारातून चालत पोचता येतं. लाखेच्या बांगड्या तिथेच मिळतात, पण खरेदी परतताना करा. हातात पिशव्या असल्या की कुणी नीट बघत नाही.

आत शिरल्यावर सगळ्यांचे पाय आपोआप खिलवत मुबारककडे वळतात. हा दरबार हॉल. छताला बेल्जियमच्या काचेची 19 झुंबरं आणि मधे संगमरवरी चौथरा, तख्त-ए-निशान. सहल असेल तर मी म्हणते, तिथे एकदा डोकावा आणि दक्षिणेकडच्या चौकात निघून जा. राजवाड्याचा सगळ्यात जुना भाग तोच. अफजल, महताब, तहनियत आणि आफताब हे चार महाल तिथेच आहेत, आणि सकाळी तिथे शांतता असते. बांधकामाची सुरुवात अठराव्या शतकाच्या मध्यावर, सलाबतजंगाच्या काळात झाली. पुरं झालं ते पाचवे निजाम अफजलउद्दौला यांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1857 ते 1869 मध्ये. मूळ आवार 45 एकरांचं होतं, त्यातलं आता 12 एकर उरलंय. जे उरलं ते निगुतीने दुरुस्त झालंय, आणि त्यासाठी निजामांच्या घराण्यातल्या राजकुमारी एसरा यांचे मनापासून आभार मानायला हवेत. 2010 मध्ये युनेस्कोने या कामाचा गौरव केला.

चुन्याच्या गिलाव्यातली वेलबुट्टी जवळ जाऊन बघा. खालून सपाट वाटणारी फुलं बाजूने पाहिली की उठून येतात, पाकळीची कड सुटी दिसते. हात मात्र लावू देऊ नका.

कपड्यांच्या दालनात घाई करू नका, ही माझी खास विनंती. माझ्या वर्गातली बरीच मुलं सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे विणकरांच्या, घरांतली आहेत. घरात तेलुगू बोलतात, आणि कापड त्यांना बोटांनी कळतं. एकदा एक मुलगी काचेला नाक लावून जरीच्या कपड्यापुढे बसली. म्हणाली, “बाई, इथे विणलंय, तिथे वरून टाचलंय.” मी इतकी वर्षं शिकवतेय, पण मला तो फरक तिने दाखवला. तेव्हापासून या दालनात मी बोलत नाही, मुलं बोलतात. तुमच्याबरोबर माग चालवलेलं कुणी वडीलधारं माणूस असेल तर त्यांना इथे पुढे करा.

शस्त्रं, भांडीकुंडी भरभर बघून होतात. जुन्या मोटारींपाशी मुलगे अडकतात. 1912 ची पिवळी रोल्स रॉईस खरंच देखणी आहे, पाच-दहा मिनिटं द्या.

आता पुन्हा खिलवतमध्ये या. मुलांना तख्तासमोर उभं करा आणि विचारा, या झुंबरांचा पैसा कुठून आला? सारा भरणाऱ्यांत आपल्या पलीकडचा उस्मानाबाद जिल्हा होता, बीड, परभणी, नांदेड, औरंगाबादही होतं. उस्मानाबाद हे नाव शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलं होतं; 2023 पासून ते धाराशिव झालं. याच राजवाड्यात 1967 मध्ये त्यांच्या नातवाला, मुकर्रम जाह यांना, गादीवर बसवण्याचा सोहळा झाला, तेव्हा संस्थान विलीन होऊन बरीच वर्षं उलटली होती. 2023 मध्ये मुकर्रम जाह यांचं पार्थिवही अंत्यदर्शनासाठी इथेच ठेवलं होतं. मुलं या दोन गोष्टींवर खूप प्रश्न विचारतात. त्यांना विचारू द्या, वेळ त्यासाठीच राखून ठेवा.

एकूण तीन तास धरा. वयस्कर माणसं असतील तर चार, आणि मधल्या हौदापाशी सावलीत बसवून घ्या. दुसरा दिवस हाताशी असेल तर पुरानी हवेलीतलं निजाम संग्रहालय बघा, सहाव्या निजामाचं कपड्यांचं लांबच लांब कपाट तिथे आहे. पण तेही शुक्रवारी बंद असतं, म्हणून सोलापूरहून गुरुवारी निघू नका, शुक्रवारी निघा.