काखेतल्या गाठींचं ऑपरेशन: या चुका टाळा

"डॉक्टर, एकदाच काय ते सगळं काढून टाका." स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरातलं कुणी ना कुणी हे बोलतंच. पिंपळगावच्या माझ्या मावशीच्या वेळी ते मीच बोललो होतो. सर्वांत महागात पडणारी चूक हीच.

काखेतल्या लसिका ग्रंथी, म्हणजेच या गाठी, हातातलं पाणी वाहून नेतात. त्या सरसकट काढल्या की साधारण पाचातल्या एका बाईचा हात पुढे सुजतो, आणि ही सूज सहसा पाठ सोडत नाही. म्हणून तपासणीत आणि सोनोग्राफीत काख स्वच्छ दिसली, तर आधी सेंटिनल बायोप्सीबद्दल विचारा. निळं किंवा किरणोत्सर्गी औषध टोचतात, ते सर्वांत आधी पोचतं त्या मोजक्याच गाठी काढून तपासतात. त्या साफ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. निळ्या औषधामुळे नंतर लघवी निळसर-हिरवी झाली तर घाबरू नका. एक-दोन गाठींत कॅन्सर सापडला तरी स्तन वाचवून शेक (रेडिएशन) घेणाऱ्या अनेकींना उरलेल्या काढाव्या लागत नाहीत. झेड-००११ या अभ्यासाच्या २०१७ मध्ये आलेल्या १० वर्षांच्या निकालात जगण्यात फरक पडला नव्हता. मात्र गाठी एकमेकींना चिकटलेल्या असतील किंवा किमोनंतरही कॅन्सर उरला असेल, तर त्या काढण्याला नाही म्हणू नका.

आधी किमो घ्यायची असेल तर दुसरी चूक होते. बाधित गाठीत क्लिप, म्हणजे खुणेचा छोटा तुकडा, बसवायची राहून जाते. किमोनं गाठ विरघळली की ती नेमकी कुठली होती, हे ऑपरेशनच्या वेळी शोधणं अवघड होतं.

ऑपरेशननंतर साचलेलं पाणी बाहेर काढायला ठेवलेल्या ड्रेनच्या नळीत रोज किती मिली येतं ते वहीत लिहा.

घरी आल्यावर मावशीला आम्ही हातच हलवू दिला नाही. प्रेमापोटीच, पण खांदा आखडला. बोटं, मनगट, कोपर लगेच हलवायचे असतात. खांद्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट सांगेल तसे.

पुढे द्राक्षांच्या गोडी छाटणीत तिच्या बांगड्या घट्ट होऊ लागल्या. "कामानं होतं रे," म्हणाली, आणि आम्ही दोन महिने तेल चोळत बसलो. ती सूज होती. तेव्हाच दाबपट्टीची बाही मिळाली असती तर ती आटोक्यात राहिली असती. हात लाल, गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. काम बंद करायची गरज नाही. बागेत हातमोजे घाला, काम हळूहळू वाढवा. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिचे दोन्ही हात टेपनं मोजतो, कोपराच्या चार बोटं वर आणि चार बोटं खाली.