दुकानाच्या वेबसाइटवरचे ट्रॅकिंग टॅग कसे तपासावेत, कसे आवरावेत

सांगली-साताऱ्याकडच्या बहुतेक दुकानांच्या वेबसाइट तीन-चार हातांतून गेलेल्या असतात. साइट एकाने बांधली, जाहिराती दुसऱ्याने लावल्या, मध्येच कुणीतरी एक प्लगइन टाकलं. प्रत्येकाने आपला टॅग (भेटी-खरेदी मोजणारा छोटा कोड) लावला, जाताना काढला कुणीच नाही. मग हळदीची एक ऑर्डर रिपोर्टमध्ये दोनदा मोजली जाते आणि त्या आकड्यावर विसंबून मालक जाहिरातीचं बजेट वाढवतो. पैसे मात्र खरे जातात. ‘टॅग मॅनेजरमधले जुने टॅग डिलीट करा, झालं’ हा सल्ला जिथे-तिथे मिळतो आणि त्याने नुकसानच जास्त होतं, कारण खरा घोळ बहुतेक वेळा टॅग मॅनेजरच्या, म्हणजे सगळे टॅग एका जागी सांभाळणाऱ्या गूगलच्या सेवेच्या, बाहेर असतो.

इथे वर्डप्रेसवर वूकॉमर्स (दुकान चालवणारं प्लगइन) बसवलेली साइट, गूगल टॅग मॅनेजर आणि जीए४ (गूगल अ‍ॅनालिटिक्स ४, भेटी-विक्रीचे रिपोर्ट देणारी सेवा) धरून चाललो आहोत. सगळी खाती मालकाच्या ईमेलवर नसतील, तर आधी ती करून घ्या.

१. टॅग मॅनेजरमधला कंटेनर, म्हणजे तुमच्या साइटच्या टॅगांचा संच, एक्स्पोर्ट करून फाइल जपून ठेवा.

२. यादी करा. टॅग, त्याचा ट्रिगर (तो कधी चालतो), तो कुणाला हवा आहे, एवढंच शीटमध्ये लिहा. ज्यांचा आयडी ‘यूए’ने (UA) सुरू होतो ते टॅग बिनधास्त काढा. गूगलने युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सच्या, म्हणजे जीए४ आधीच्या आवृत्तीच्या, साध्या खात्यांत १ जुलै २०२३ पासून नवा डेटा घेणं बंद केलं आहे. ज्या टॅगचा धनी सापडत नाही, तो नुसता पॉज करा. महिनाभर कुणी विचारलं नाही, तर मग डिलीट.

३. दुहेरी मोजणी शोधा. सगळा वेळ इथेच जातो, आणि जाऊ द्या.

इन्कॉग्निटो विंडो उघडा, अ‍ॅड-ब्लॉकर बंद ठेवा. एफ-१२ दाबून नेटवर्कमध्ये जा, ‘प्रिझर्व्ह लॉग’ चालू करा आणि फिल्टरमध्ये ‘कलेक्ट’ (collect) हा शब्द इंग्रजीत टाका. आता होमपेज लोड करा. प्रत्येक रिक्वेस्टच्या पेलोडमध्ये (पाठवलेल्या डेटात) ‘टीआयडी’समोर (tid) मेझरमेंट आयडी, म्हणजे तुमच्या जीए४ खात्याचा क्रमांक, दिसतो आणि ‘ईएन’समोर (en) इव्हेंटचं, म्हणजे पान उघडणं, खरेदी अशा घटनेचं नाव. जीए४ कधी कधी अनेक इव्हेंट एकाच रिक्वेस्टमध्ये पाठवतं, त्यामुळे ओळी मोजून निष्कर्ष काढू नका, पेलोड उघडूनच बघा. पान एकदा उघडल्यावर त्याच आयडीने ‘पेज व्ह्यू’ दोनदा गेला, तर टॅग बहुधा दोन ठिकाणी बसला आहे.

दुसरं ठिकाण कुठलं? कंट्रोल-यू दाबून पानाचा सोर्स उघडा आणि तो आयडी शोधा. सापडला, तर कोड थीममध्ये किंवा प्लगइनमध्ये आहे. साइट किटसारखं प्लगइन कोडच्या वर कॉमेंटमध्ये आपलं नाव लिहितं. नाव नसेल, तर थीमची हेडर फाइल आणि ‘हेडर-फूटर कोड’वालं प्लगइन बघा. माझं ठाम मत आहे: टॅग एकाच जागी असावा आणि ती जागा टॅग मॅनेजर. काढून झाल्यावर साइटची कॅश (साठवून ठेवलेली पानं) साफ करा, नाहीतर जुनं पान जुन्याच टॅगसकट लोकांना दिसत राहतं आणि तुम्ही नसलेली चूक शोधत बसता.

पण थांबा. वूकॉमर्सचं अ‍ॅनालिटिक्स प्लगइन लगेच बंद करू नका. खरेदीचा इव्हेंट बऱ्याचदा तेच पाठवत असतं. आधी तो इव्हेंट टॅग मॅनेजरमधून जाताना दिसू दे, मग प्लगइन हलवा. हा क्रम उलटा झाला, तर विक्री चालू राहते, रिपोर्ट रिकामा होतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

त्यासाठी कॅश ऑन डिलिव्हरीने खरी चाचणी-ऑर्डर करा आणि नंतर रद्द करा. शंभर टक्के सवलतीचं कूपन वापरू नका. रक्कम शून्य गेली की किमतीतली चूक दिसत नाही. ‘धन्यवाद’ पान आलं की ते रिफ्रेश करा. खरेदी पुन्हा गेली? त्याच ग्राहकाकडून तोच ट्रान्झॅक्शन आयडी परत आला तर जीए४ तो गाळतं, पण गूगल अ‍ॅड्सच्या कन्व्हर्जन टॅगमध्ये (जाहिरातीतून झालेली खरेदी मोजणाऱ्या) हा आयडी वेगळा भरावा लागतो आणि तो रकाना सर्रास रिकामा सापडतो. तिथे ऑर्डर नंबर द्या. मेटाचा (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) इव्हेंट ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हीकडून जात असेल, तर दोघांचा इव्हेंट आयडी एकच हवा.

शिवाय गूगल अ‍ॅड्समध्ये जीए४ मधून आणलेली खरेदी आणि अ‍ॅड्सचा स्वतःचा टॅग, दोन्ही ‘प्रायमरी’ (मुख्य मोजणीत धरलेल्या) असतील, तर टॅग कितीही स्वच्छ असले तरी विक्री दुप्पट दिसणार. एकाला ‘सेकंडरी’ करा.

४. पेमेंट गेटवेचं डोमेन जीए४ च्या नको असलेल्या रेफरल्सच्या (ग्राहक ज्या साइटवरून आला असं धरायचं नाही, त्यांच्या) यादीत टाका, नाहीतर इन्स्टाग्रामवरून आलेल्या ग्राहकाचं श्रेय गेटवेला जातं.

५. संमतीचं बॅनर असेल, तर ‘नाही’ दाबून नेटवर्क पुन्हा बघा. नकारानंतरही मेटाचा पिक्सेल (त्यांचा माग ठेवणारा टॅग) जात असेल, तर ते बॅनर फक्त शोभेला आहे.

६. पब्लिश करा, व्हर्जनला काय बदललं ते सांगणारं नाव द्या. दिवाळीच्या तोंडावर मात्र नको. पेढे-बेदाण्याच्या ऑर्डरी जोरात असताना टॅगला हात लावू नये.

पुढचा आठवडाभर वूकॉमर्समधल्या ऑर्डरी आणि जीए४ मधली खरेदी शेजारी-शेजारी ठेवा. जीए४ चा आकडा थोडा कमी असेल, तर घाबरू नका. कुणाकडे अ‍ॅड-ब्लॉकर असतो, कुणी यूपीआय अ‍ॅपमध्ये पैसे भरून साइटवर परततच नाही. आकडा जास्त दिसला, तर पायरी ३ पुन्हा करा, आणि या वेळी मोबाइलवरूनही ऑर्डर टाकून बघा.