पेरूचा नको असलेला बहार कसा पाडावा, फळांची विरळणी कशी करावी

कोल्हापूर भागात पेरूला वर्षातून दोन-तीनदा फुले येतात आणि सगळीच धरावीत असे वाटते. पण उन्हाळ्यात फुललेला बहार ऐन पावसात पिकतो. फळ पाणचट होते, आत फळमाशीच्या अळ्या. जून-जुलैत फुलणारा मृग बहार थंडीत तयार होतो, गोड आणि टिकाऊ. म्हणून आधीचा बहार पाडायचा.

एप्रिल-मेमध्ये बरीच फुले उमलली की १० टक्के युरिया फवारा, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला दीड किलो. युरिया टाकला की पाणी गार पडते आणि पुढचा युरिया लवकर विरघळत नाही, म्हणून बादलीत नीट ढवळून, गाळून मगच पंपात ओता. फुले आणि पाने चिंब भिजली पाहिजेत. वळवाचे ढग दिसत असतील तर थांबा, पावसाने सगळे धुऊन जाते. पुढे पाने करपून गळतात, तेव्हा झाड बघवत नाही. धीर धरा. पेरूला फुले नव्या फुटीवरच येतात आणि पाऊस पडला की फूट येतेच. तरीही पहिल्या वर्षी दोन-चार झाडांवरच करून बघा. लहान झाडांवर मारू नका, त्यांची फुले हातानेच खुडा. शेजारी भाजीचे आंतरपीक असेल तर वारा पडल्यावर फवारा, नाहीतर तेही करपेल.

थंड प्रदेशात पीचच्या फुलांवरही असेच अमोनियम थायोसल्फेट किंवा गंधक-चुन्याचे द्रावण फवारतात. फळ धरल्यावर मात्र तिथेही विरळणी मुख्यतः हातानेच होते, आणि पेरूलाही तेच योग्य. कोणते फळ ठेवायचे हे औषधाला कळत नाही.

मृग बहाराची फळे लिंबाएवढी झाली की सिकेटर घेऊन बागेत उतरा. एका पेऱ्यावर एकच फळ ठेवा. जाड, जोमदार काडीवरचे, खाली लोंबणारे, पानांच्या सावलीतले फळ राखा. वाकडे, डागाळलेले, एकमेकांना घासणारे आणि बारीक काडीच्या टोकाचे काढा. तोडताना हात आखडतो, पण इथे कंजूषपणा केलात तर बाजारात सगळी बारकीच फळे न्यावी लागतील. देठ कापा, ओढू नका, सालीला इजा होते.

राखलेल्या फळांना त्याच आठवड्यात फोमची जाळी आणि पिशवी चढवा. कापलेली फळे झाडाखाली पडू देऊ नका, खोल खड्ड्यात पुरा. त्यातली फळमाशी पुन्हा बागेत येता कामा नये.