पैसे आले, आता बोलणं थांबवू नका: फाउंडर आणि व्हीसी, दोघांनीही या चुका टाळा

बोर्ड मीटिंगच्या आदल्या रात्री साडेअकराला "सर, डेक पाठवतोय, जरा उशीर झाला" असा मेसेज आला, की तिमाही वाईट गेली आहे हे स्लाइड्सची ती फाइल उघडण्याआधीच कळतं. मी बारा वर्षं पुण्यात एका व्हेंचर फंडात (व्हीसी, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे घालून हिस्सा घेणारे) काम करतोय आणि सध्या सहा कंपन्यांच्या बोर्डावर आहे. पैसे कसे उभारावेत यावर फाउंडरना सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. ज्यांनी पैसे दिले त्यांच्याबरोबर पुढची सात-आठ वर्षं कशी काढायची, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. चुका तिथेच होतात, आणि त्या दोन्ही बाजूंनी होतात.

वाईट बातमी दाबून ठेवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल आधी आणि सविस्तर. आमच्या एका कंपनीचं काम दूध संकलन केंद्रांशी होतं. बल्क कूलरवर, म्हणजे दूध थंड ठेवायच्या टाकीवर, सेन्सर बसवायचा. तापमान वाढलं की केंद्रचालकाच्या मोबाइलवर सूचना जायची. भोसरीत छोटं युनिट, बावीस माणसं, फाउंडर स्वतः इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर. निम्म्याहून जास्त विक्री एकाच मोठ्या दूध संघाला होत होती. ऑक्टोबरमध्ये त्या संघाने नव्या ऑर्डरी थांबवल्या. डिसेंबरच्या मीटिंगमध्ये आम्हाला सांगण्यात आलं, "ऑर्डर जरा पुढे गेलीय, जानेवारीत होईल." २४ फेब्रुवारीला रात्री दहा वाजता त्याचा फोन आला. एक तारखेचे पगार होणार नव्हते.

ऑक्टोबरमध्ये कळलं असतं तर करण्यासारखं बरंच होतं. पाच महिने पुरतील एवढे पैसे हातात होते. शेजारच्या राज्यातल्या दोन दूध संघांत आमच्या ओळखी होत्या. खर्च कापता आला असता. जुन्या गुंतवणूकदारांकडून कन्व्हर्टिबल नोटवर (आज कर्ज, पुढे शेअरमध्ये बदलता येणारं) पैसे घेऊन थोडा अवधी मिळवता आला असता. डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) मान्यता असलेल्या स्टार्टअपला अशी नोट काढता येते. प्रत्येक गुंतवणूकदाराकडून किमान २५ लाख रुपये एकाच हप्त्यात यावे लागतात, एवढंच. पण त्यासाठी आमच्या इन्व्हेस्टमेंट कमिटीपुढे जावं लागतं, कागद तयार करावे लागतात, आणि त्यात तीन-चार आठवडे सहज जातात. पगाराला पाच दिवस उरलेले असताना यातली एकही वाट उघडी नव्हती.

उपाय साधा आहे: दर महिन्याच्या ५ तारखेला सगळ्या गुंतवणूकदारांना एक मेल. डेक नको, ग्राफ नकोत. पहिल्या ओळीत तीन आकडे: बँकेत किती आहेत, गेल्या महिन्यात निव्वळ किती गेले, या वेगाने किती महिने निघतील (यालाच रनवे म्हणतात). मग काय बिघडलं. त्यानंतर काय चांगलं झालं. शेवटी मदत काय हवी, आणि ती नेमकी. "काही ओळखी असतील तर द्या" या वाक्याचं आम्हाला काहीच करता येत नाही. "अमुक कारखान्याच्या खरेदी विभागात पंधरा दिवस आमचं कोटेशन पडून आहे, तिथे कुणी ओळखीचं आहे का?" असं विचारलंत तर मी त्याच दिवशी फोन फिरवतो. बिघडलेलं वरच लिहा. चांगल्या बातम्यांच्या खाली पुरलेली वाईट बातमी एकदा हाती लागली, की पुढचा प्रत्येक मेल संशयाने वाचला जातो, आणि तो संशय जायला वर्ष लागतं.

बँकेतला आकडा म्हणजेच रनवे, असं धरणं

खात्यात ३ कोटी ६० लाख आहेत, महिन्याला ४० लाख जातात, म्हणजे ९ महिने निघतील, असा हिशेब मला नेहमी ऐकायला मिळतो. मी त्यातून आधी देणी वजा करायला लावतो: भरायचा जीएसटी, कापून ठेवलेला टीडीएस, पीएफ, व्हेंडरची थकलेली बिलं. ही रक्कम ८० लाख निघाली तर उरले २ कोटी ८० लाख, म्हणजे ७ महिने. नव्या गुंतवणूकदाराच्या पहिल्या भेटीपासून पैसे खात्यात पडेपर्यंत सहा महिने धरून चाला. याचा अर्थ राउंडची, म्हणजे पुढचे पैसे उभारण्याची, तयारी आजच सुरू करायची. येणी या हिशेबात घेऊ नका; बिल "पास झालंय" म्हणून पगार होत नाहीत.

आलेले पैसे लगेच वापरायला काढणं

ऐकायला बारीक वाटते, पण पुढच्या राउंडच्या ड्यू डिलिजन्समध्ये (गुंतवणुकीआधीच्या तपासणीत) ही चूक हमखास वर येते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४२ प्रमाणे प्रायव्हेट प्लेसमेंटचे, म्हणजे निवडक गुंतवणूकदारांना शेअर देऊन उभारलेले, पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात. शेअरवाटप होऊन त्याचं विवरण, म्हणजे पीएएस-३ फॉर्म, रजिस्ट्रारकडे दाखल होईपर्यंत त्यातला एक रुपयाही वापरता येत नाही. वाटप ६० दिवसांत करायचं आणि फॉर्म त्यानंतर १५ दिवसांत भरायचा. वाटप जमलं नाही तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत, नाहीतर १२ टक्के व्याज. फाउंडरच्या मनात काही वाईट नसतं. पगाराची तारीख येते, खात्यात रक्कम दिसते, तो ट्रान्सफर करतो. पण दंड उभारलेल्या रकमेइतका किंवा २ कोटी रुपये, यांतला जो आकडा लहान असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. कंपनी सेक्रेटरीला टर्मशीट (गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा कागद) आल्या दिवसापासून सोबत घ्या.

फंड कितव्या वर्षात आहे, हे न विचारणं

आम्ही तुमची तीन महिने चौकशी करतो. तुम्ही आमची तीन दिवसही करत नाही. आमच्या हातातले पैसे आमचे नसतात. सेबीच्या २०१२ च्या एआयएफ (पर्यायी गुंतवणूक निधी) नियमांखाली नोंदवलेला व्हेंचर फंड ठराविक मुदतीचा असतो, साधारण ८ ते १० वर्षांचा. ही मुदत जास्तीत जास्त २ वर्षांनी वाढवता येते, तीसुद्धा मूल्याने दोन तृतीयांश गुंतवणूकदार तयार असतील तर. त्यांतल्या बहुतेकांनी प्रत्येकी किमान १ कोटी रुपये घातलेले असतात आणि ते परत कधी मिळणार हे ते दर वर्षी विचारतात. दुसऱ्या वर्षातला फंड तुमच्यासाठी थांबू शकतो. सहाव्या वर्षात आलेला फंड दोन-तीन वर्षांतच विक्रीचा विषय काढतो, आणि फाउंडरला वाटतं की माणूस बदलला. माणूस तोच असतो, त्याची मुदत जवळ आलेली असते.

म्हणून सहीआधी विचारा. फंड कितव्या वर्षात आहे? पुढच्या राउंडसाठी आमच्या नावाने किती पैसे राखून ठेवणार? तुमची जी गुंतवणूक बुडाली, तिच्या फाउंडरशी मला बोलता येईल का? या शेवटच्या प्रश्नाला जो टाळाटाळ करेल, त्याचे पैसे घेण्याआधी मी तरी थांबेन.

व्हॅल्युएशनवर भांडणं आणि अटी न वाचणं

२० कोटी येणार आहेत. व्हीसी म्हणतो, कंपनीची किंमत पैसे येण्याआधी ८० कोटी. तुम्ही म्हणता ८५. यावर महिना जातो. लिक्विडेशन प्रेफरन्सचं (कंपनी विकली तर आधी कुणाला किती मिळणार याचं) कलम मात्र वकिलावर सोडून दिलेलं असतं. समजा ८० वरच ठरलं, गुंतवणूकदाराकडे २० टक्के गेले आणि चार वर्षांनी कंपनी ५० कोटींना विकली गेली. प्रेफरन्स एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग असेल तर तो स्वतःचे २० कोटी घेतो आणि बाकीच्यांना ३० कोटी राहतात. पार्टिसिपेटिंग असेल तर २० कोटी घेऊन उरलेल्या ३० मधले आणखी २० टक्के, म्हणजे ६ कोटी घेतो. दुप्पट प्रेफरन्स असेल तर ४० कोटी त्याचे आणि १० कोटी तुमचे, सहसंस्थापकाचे, ईसॉप (कर्मचाऱ्यांना मिळणारे शेअर) घेतलेल्या सगळ्यांचे मिळून. आणि ज्या पाच कोटींसाठी महिनाभर भांडलात? एकपटीच्या पहिल्या उदाहरणात ८५ ठरलं असतं तरी त्याने २० कोटीच घेतले असते. तुमच्या वाट्याला एक रुपयाही जास्त आला नसता.

आमच्या बाजूच्या चुका

काही छोट्या, पण रोजच्या. "नाही" म्हणायचं असताना "विचार करतो" म्हणणं आणि फाउंडरचे सहा आठवडे खाणं. फाउंडरला वगळून त्याच्या सेल्स हेडला परस्पर फोन करणं. जेवताना सहज एक कल्पना बोलून जाणं. फाउंडर ती हुकूम समजतो आणि त्याची टीम तीन आठवडे तिच्यामागे लागते. "हे माझं मत आहे, निर्णय तुमचा" असं मी आता दर वेळी तोंडाने बोलून दाखवतो.

मोठी चूक भोसरीच्या त्याच कंपनीत झाली, आणि ती माझी होती. त्या वर्षी जुलैमध्ये विक्रीचा आकडा चुकला होता. मी फाउंडरला बोर्डासमोर, त्याच्या दोन मॅनेजरांच्या देखत, वीस मिनिटं धारेवर धरलं. मला वाटत होतं मी शिस्त लावतोय. तो खाली मान घालून पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. पुढे कंपनी आवरताना एका संध्याकाळी तो शांतपणे म्हणाला, "सर, ऑक्टोबरमध्ये दोनदा फोन हातात घेतला होता. जुलै आठवला." त्याच्या गप्प बसण्याने कंपनी गेली हे खरं, आणि त्याला गप्प मी बसवलं होतं, हेही तितकंच खरं.

तेव्हापासून वाईट आकडा आला की माझा पहिला प्रश्न "आता काय करायचं ठरवलंय, आणि माझ्याकडून काय हवंय?" एवढाच असतो. कारणांची चर्चा होते, पण दोन दिवसांनी, दोघांतच. मीटिंगच्या दोन दिवस आधी अर्धा तास फोनवर बोलतो, म्हणजे टेबलावर कुणालाच धक्का बसत नाही. कायद्याने बोर्ड मीटिंगची नोटीस ७ दिवस आधी द्यावी लागते; आकडेही त्याच नोटिशीबरोबर पाठवा, अर्धवट असले तरी.

त्या फाउंडरने बावीस जणांची देणी एप्रिलपर्यंत फेडली. आता चाकणला त्याची दुसरी कंपनी आहे. तिच्यात आमच्या फंडाचे पैसे नाहीत, तरी ५ तारखेचा मेल तो मलाही पाठवतो. या महिन्याची पहिली ओळ: बँकेत १ कोटी १० लाख, गेले १४ लाख, आठ महिन्यांना थोडे कमी. दुसरी ओळ: एका गिऱ्हाईकाने चाळीस नग परत पाठवलेत, चूक आमच्या सोल्डरिंगची आहे.